सुरय तांदळाच्या डब्यातली चावी

१

ओमकार कपबशा धुवायला लागला होता, आणि हे चिमाबायला मुळीच आवडलेलं नव्हतं.

जहाजावरून सुट्टीवर आलेला पुरुष घरात कसा वागतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आधी नवरा काशीराम, मग मुलगा, आता हा नातू. तिघांनीही घरी येऊन एकाच कामात नाव काढलं, ते म्हणजे लोळण्यात. भलत्या वेळी झोपायचं, भलत्या वेळी चहा मागायचा, आणि मिरकरवाड्याच्या बंदरात आता पूर्वीसारखी सुरमई कशी राहिली नाही यावर येणाऱ्याजाणाऱ्याचं डोकं खायचं. ते तिला चालत असे. पण हा मेला गेला आठवडाभर बायकोच्या हातातला कप काढून घेत होता. मनगटावरचं जाडजूड घड्याळ उतरवून खिडकीत ठेवायचा, बाह्या सारायचा आणि बशीला साबण लावायचा.

“तुला झालंय काय?” तिने विचारलं होतं.

“काही नाही आजी. मृणालीला टेन्शन आहे. तेवढीच मदत.”

“तुझ्या आज्यानं मला बाळंतपणात पाण्याचा तांब्या दिला नाय. तू कुणावर गेलास?”

तो हसला. नेहमीसारखा तोंड वर करून हसला असता तर चिमाबायने विषय सोडला असता. तो बशीकडे बघून हसला.

टेन्शन मात्र खोटं नव्हतं. मृणाली, ओमकारची बायको, चार घास खाऊन उठत होती. खाली चिमाबायचा बर्फाचा कारखाना आणि वर घर, त्यामुळे वरच्या खोलीतली फरशी भर मे महिन्यातही गार असे. तिथे बसून ही पोर जे काम करायची, ते चिमाबायला पहिल्या वर्षी कळलं नाही. दुसऱ्या वर्षी तिने मृणालीला समोर बसवून ते कळवून घेतलं.

जगभरातली माणसं मिळून एक संगणकप्रणाली चालवतात. फुकट. कुणी मालक नाही. संगणकाची डिस्क म्हणजे कोठार, आणि त्या कोठारात कुठली वस्तू कुठे ठेवली याची जी मांडणी, तिला फाइलसिस्टिम म्हणतात. वीज गेली, मशीन आपटलं की मांडणी विस्कटते. मग ती तपासायची, सावरायची हत्यारं लागतात. ती हत्यारं घडवणारे निराळे. मृणाली ती घेते, पारखते, पॅकेज बांधते आणि आपल्या सहीने जगात धाडते.

“म्हणजे मासळी तू धरत नाहीस,” चिमाबाय तेव्हा म्हणाली होती. “तू निवडतेस, बर्फ घालतेस आणि क्रेटवर आपला रंग मारतेस. माल नासका निघाला तर शिव्या रंगाला.”

“अगदी तसंच, आजी.”

सहीचं महत्त्व चिमाबायला सांगावं लागलं नाही. ती दुसरीतून शाळा सोडून आलेली. तिला लिहिता येई ते फक्त स्वतःचं नाव, पण ते ती अशा ठसक्यात लिही की बँकेतला माणूस कागद सरळ धरून बसे. मुलाने एकदा ‘आये, तुझ्यावतीने मी करतो’ म्हणून पेन उचललं, तेव्हा तिने त्याच्या हातावर चापट मारली होती. मुलगा तेव्हा दोन पोरांचा बाप होता.

आणि आता मृणालीच्या सहीचं एक पॅकेज जगात गेलं होतं, जे मृणालीने बांधलंच नव्हतं.

ती माहेरी गेली होती, चिपळूणजवळ अलोऱ्याला, भाचीच्या बारशाला. परत येऊन पाहते तो पत्रांचा ढीग. डिस्क तपासायचं हत्यार नव्या पॅकेजमुळे मध्येच कोसळत होतं. कुठल्या कुठल्या देशांत माणसांची मशीनं सुरू होईनात. काहींची दुरुस्ती अर्धवट राहून कोठारच उलटंपालटं झालं. प्रकल्पाच्या मंडळींनी ते पॅकेज मागे घेतलं, मृणालीची सही गोठवली आणि खुलासा मागितला. आज दिवेलागणीपर्यंत. पटला नाही तर नाव कायमचं काढणार. त्या नावावर तिची नोकरी होती, आणि नोकरीपेक्षा मोठं म्हणजे, ते नाव तिने सासर-माहेरच्या कुणाच्याही आधाराशिवाय कमावलेलं होतं.

“कुणी लांबून चोरली असेल सही,” चिमाबाय म्हणाली. “टीव्हीवर दाखवतात तशी.”

“नाही आजी. ही सही लांबून होत नाही.” मृणालीने बोटाच्या पेराएवढी काळी पट्टी तळहातावर ठेवली. “ही चावी मशीनला लावायची. पिन घालायचा. मग ही लुकलुकते आणि हिला बोट टेकवावं लागतं. टेकवलं तरच सही.”

ही चावी कुठे असते ते चिमाबायला माहीत होतं. खाऱ्या हवेने मिरकरवाड्यात कड्याकुलपंही सडतात. म्हणून मृणाली ती स्वयंपाकघरात सुरय तांदळाच्या डब्यात, तांदळात पुरून ठेवी. ही युक्ती खुद्द चिमाबायची.

“अलोऱ्याला जाताना नेली नाहीस?”

“नाही. डब्यातच होती. आल्यावर डब्यातच मिळाली.”

चिमाबायने डब्याकडे पाहिलं. झाकण घट्ट लावलेलं होतं, फडताळात नेहमीच्या जागी.

“म्हणजे गो,” ती हळू म्हणाली, “बोट आपल्या घरातलं.”

२

ते पॅकेज गेलं त्या दिवशी चिमाबाय दुपारभर जेटीवर होती. बर्फ वितळका मिळाला म्हणून एका तांडेलाने, बोटीवरच्या म्होरक्याने, आरडाओरडा केला होता, आणि त्याला गप्प करायला ती स्वतः गेली होती. तेवढ्या वेळात वर कोण कोण असू शकत होतं, हे तिने बोटांवर मोजलं. तीनच माणसं. कारखान्याचं कामकाज बघणारा सागर. मृणालीच्या हाताखाली काम शिकणारा हर्षद. आणि ओमकार.

तिने सागरला आधी धरलं. सागर तिला आवडत नसे, आणि नावडत्यापासून सुरुवात केली की मन लवकर मोकळं होतं, असा तिचा अनुभव होता.

“त्या दिवशी वर गेला होतास?”

“पाणी प्यायला गेलो असेन, चिमाबाय.”

“खाली दोन माठ हायत.”

सागर खाली बघायला लागला. बर्फाच्या लाद्या काढायचं काम चालू होतं. साच्यातून सुटलेली लादी घसरत येऊन त्याच्या पायाशी थांबली. “वर रेंज चांगली येते,” तो म्हणाला. “भावाशी बोलत होतो. मस्कतला असतो ना तो.”

“काय बोललास?”

“घरचंच.”

“मृणालीबद्दल?”

“मी कशाला बोलेन वहिनींबद्दल?”

“कारण तिनं हापिसातल्या मशीनवर तिची ती फुकटची प्रणाली घातली, आणि तुझा पत्त्यांचा खेळ गेला. त्यावरनं तू महिनाभर तोंड फुगवून होतास.”

“त्यातही पत्ते आहेत, चिमाबाय,” सागर कळवळून म्हणाला. “वहिनींनीच दाखवले. उलट जास्त प्रकारचे आहेत.”

हे उत्तर खोटं बोलणाऱ्याला सुचणारं नव्हतं. तरी मस्कत हा शब्द चिमाबायने पदराला बांधला. परदेश म्हटला की तिला अर्धा गुन्हा सिद्ध झाल्यासारखा वाटे.

ती वर आली तेव्हा ओमकार गॅससमोर उभा होता. जेवणाची भांडी घासायची बाकी होती आणि हा चहा टाकत होता.

“सागरला विचारून काय उपयोग?” तो म्हणाला. “त्याला पॅकेज म्हणजे काय तेच माहीत नाही. आजी, मला कुणाचं नाव घ्यायचं नाही. पण मृणालीच्या शेजारी रोज कोण बसतं? पिन टाकताना कुणाची नजर जाऊ शकते?”

“नाव नाय घ्यायचं म्हणालास, आणि घेतलंस.”

“मी हर्षद म्हणालो का?”

“आता म्हणालास.”

मृणाली दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग पाठ वळवून खोलीत गेली. चिमाबाय मागोमाग गेली आणि दार लोटून घेतलं.

“सागरचा भाऊ मस्कतला असतो. त्याचा काय संबंध असंल?”

मृणालीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. चिमाबाय वाट बघत बसली. माणसाला बोलतं करायचा याहून चांगला उपाय तिला माहीत नव्हता.

“एक गोष्ट आहे,” शेवटी मृणाली म्हणाली. “पॅकेज बांधलं की बांधणाऱ्याच्या मशीनवरची वेळ त्यावर उमटते. आणि वेळेच्या शेवटी एक शेपूट असतं, ते घड्याळ कुठल्या मुलखाचं लावलंय ते सांगणारं. माझं, हर्षदचं, दोघांचंही शेपूट भारताचं. या पॅकेजचं तसं नाही.”

“मस्कतचं?”

“मस्कत आपल्या पश्चिमेला. हे पूर्वेचं आहे. जपान-कोरियाकडचं. मंडळींना वाटतंय तिकडच्या कुणा चोराने सही पळवली.”

“तुला काय वाटतं?”

“चावीला बोट लागतं, आजी.”

चिमाबाय पलंगाच्या कडेवर बसली. फरशीखालून लाद्या फोडण्याचा आवाज येत होता. बोट या घरातलं, घड्याळ परदेशातलं. दोन्ही खरं कसं असेल?

आणि त्याहून एक गोष्ट तिला खटकली. हे शेपूट मृणालीला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मग पोरगी इतके दिवस गप्प का?

३

हर्षद आपली पिशवी भरत होता.

लांज्याच्या आत चार मैलांवरच्या वाडीतला पोर, बाप मुंबईला, आई शेतीवर. पदवी झाल्यावर मृणालीकडे काम शिकायला आला आणि कारखान्यामागच्या खोलीत राहिला. मृणालीच्या शिफारशीवर त्याला प्रकल्पात घेणार होते. आता शिफारस करणारीच बुडत होती, आणि वर बोट त्याच्याकडे.

“पळतोस?” चिमाबाय उंबऱ्यात उभी राहिली. वाट अडली.

“जातोय. पळत नाही.” त्याने टॉवेल पिशवीत कोंबला. “ओमकारदादा काल म्हणाले, कबूल कर, मी सांभाळून घेईन. काय कबूल करू, आजी?”

“तुझं मृणालीशी भांडण झालं होतं.”

“झालं होतं. नवी आवृत्ती येऊन महिना झाला, ती लवकर पाठवू या म्हणत होतो. ताई म्हणत होत्या, थांब, अजून तपासू. मला राग आला होता. दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही.”

“मग ती नसताना तूच पाठवलीस.”

हर्षद खाली बसला. रडणार असं चिमाबायला वाटलं, पण तो तसा पोर नव्हता.

“आजी, तुम्ही साच्यांचं उदाहरण देता ना, तेच घ्या. तुम्ही लादीचे साचे बदललेत तेव्हा काय केलंत?”

ते चिमाबायला चांगलं आठवत होतं. नव्या साच्यांची लादी जुनीपेक्षा रुंद होती. ट्रॉलरवरच्या बर्फ फोडायच्या यंत्रात ती अडकली असती. म्हणून तिने प्रत्येक तांडेलाला स्वतः सांगितलं होतं, की ही रोजची ‘मोठी लादी’ नाही, हिला ‘नवी लादी’ म्हणायचं, आणि ज्याने यंत्राचं तोंड रुंद केलं नाही त्याने मागायची नाही.

“आमच्यात लायब्ररी म्हणतात तो असाच सामायिक भाग असतो,” हर्षद म्हणाला. “त्याच्यावर पाचपन्नास हत्यारं उभी असतात. त्याचे सांधे बदलले की पॅकेजला नवं नाव द्यावं लागतं. म्हणजे जुनी हत्यारं जुन्यावर राहतात, मोडत नाहीत. त्या पॅकेजात सांधे नवे होते आणि नाव जुनंच. जुनी हत्यारं नव्या लादीवर आपटून तुटली.”

“आणि ही चूक तू करणार नाहीस, असं तुझं म्हणणं.”

“चुका मी पुष्कळ करतो. पण माझी आवृत्ती तयार होती, आजी. नवं नाव दिलेली. ताईंच्या मशीनवर आहे, तुम्ही विचारा. मला चोरून पाठवायचीच असती तर मी माझी पाठवली असती. दुसरी, वाईट, कशाला बांधत बसू?”

चिमाबायने मान हलवली नाही, पण ती वाटेतून बाजूला झाली. स्वतःची ताजी मासळी टोपलीत असताना चोर दुसऱ्याची शिळी कशाला विकील?

हर्षदने पिशवी खांद्याला लावली. “त्यात अजून एक आहे. नाव बदलायचं राहिलं तर पॅकेज बांधायची हल्लीची साधनं पहिल्याच झटक्याला ओरडतात. हे बांधणाऱ्याने ते ओरडणं बंद करून टाकलं होतं. पूर्वी तसं करायचे, साधनं अर्धवट होती तेव्हा. आता कुणी करत नाही.”

“मग हा कोण?”

“पूर्वी हे काम केलेला आणि मध्ये सोडलेला कुणीतरी,” हर्षद म्हणाला. “लांज्याची गाडी चुकेल, आजी. येतो.”

तो गेला. चिमाबाय त्या रिकाम्या खोलीत उभी राहिली. पूर्वी केलेला. मध्ये सोडलेला. वर स्वयंपाकघरात नळ वाहत होता आणि कुणीतरी बशा घासत होतं.

४

ती जिना चढली तेव्हा तिचे गुडघे दुखत होते आणि त्यामुळे तिला जिन्याचा राग आला होता.

मृणाली मशीनसमोर होती. पडद्यावर इंग्रजी मजकूर होता, थोडकाच.

“काय लिहिलंस? मराठीत सांग.”

“खुलासा.”

“त्यात काय हाय?”

मृणालीने वाचलं नाही, नुसतं सांगितलं. “की पॅकेज मीच बांधलं. घाईत चूक झाली. जबाबदारी माझी.”

“आणि अलोऱ्याला कोण गेलं होतं? तुझं भूत?”

मृणालीने खुलाशातला एक शब्द खोडून पुन्हा तोच लिहिला.

“हे पॅकेज तुझ्या आधी कोण बांधायचं?” चिमाबायने विचारलं. उत्तर तिला ठाऊक नव्हतं, पण पोरीच्या खांद्यांनी ते दिलं. ते एकदम आत ओढले गेले.

“ओमकार,” मृणाली म्हणाली. “कॉलेजात असताना त्यानेच सुरू केलं. मला त्यानेच शिकवलं. मग तो जहाजावर गेला, तिथे नेट नाही, वेळ नाही. पॅकेज बेवारशी पडलं म्हणून मी घेतलं. त्याचं नाव माझ्या नावाशेजारी ठेवलं होतं. पण वर्षानुवर्षं ज्याने काही केलं नाही त्याचं नाव ठेवत नाहीत. थंडीत मंडळींनी विचारलं, आणि मी काढलं.”

“त्याला सांगितलंस?”

“जहाजावर कसं सांगू? म्हटलं घरी आला की सांगेन. त्याने आल्या आल्या स्वतःच पाहिलं.”

“भांडला?”

“नाही. म्हणाला, बरोबर केलंस.”

चिमाबायने डोळे मिटले. तिच्या सासरच्या, शिवलकरांच्या घरातल्या पुरुषाने भांडण न करता ‘बरोबर केलंस’ म्हणणं म्हणजे काय, ते तिने तीन पिढ्या भोगलं होतं.

“चावी कुणी आणली?”

“त्यानेच. सिंगापूरहून. पिन आम्ही दोघांनी मिळून ठेवला.” तिचा आवाज बारीक झाला. “बदलला नाही. नवऱ्यापासून कशाला बदलायचा?”

“म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत हाय.”

“मला काही माहीत नाही, आजी. त्याला विचारलं, तो म्हणाला मशीन बॅगेतून काढलंच नाही. जहाजावरून आल्यापासून उघडलं नाही. मग मी काय म्हणू?”

“आणि हर्षदचं काय? तो गेला लांज्याला, तोंड लपवून.”

हे मृणालीला माहीत नव्हतं. ती उठून खिडकीशी गेली, मग परत आली. “म्हणूनच माझ्या नावावर घेते,” ती म्हणाली. “कुणावरच नको.”

“तुझी सही तू अशी फुकट देणार असशील तर मग तुझ्यात आणि चोरात फरक काय?”

चिमाबाय तरातरा स्वयंपाकघरात गेली. ओमकार नव्हता, मोरीवर कपबशा पालथ्या, स्वच्छ. खिडकीत त्याचं जाडजूड घड्याळ पडलं होतं, विसरलेलं.

तिने ते हातात घेतलं. वाचायला येत नसलं तरी काटे तिला कळत. बाहेर ऊन अजून जेटीच्या भिंतीवर होतं, कोळणी पाट्या धूत होत्या, आणि या घड्याळात मात्र रात्र पडलेली.

आणि तिला काशीराम आठवला. तोही सुट्टीवर आला की असाच भलत्या वेळी जेवण मागायचा, कारण त्याच्या मनगटावर जहाजाची वेळ असायची. एकदा तिने कौतुकाने ते घड्याळ घरच्या वेळेला लावलं, तर त्याने घर डोक्यावर घेतलं. घड्याळ घरचं झालं की पुढचं जहाज मिळत नाही, अशी त्यांच्या घराण्यातल्या खलाशांची समजूत. मुलानेही ती पाळली. नातवाला तिनेच सांगितलं होतं, पहिल्या वेळी निघताना, की घरी आलास तरी घड्याळाला हात लावू नको.

तिने घड्याळ पदरात गुंडाळलं.

“सागर,” तिने खिडकीतून खाली हाक दिली. “ओमकारला बोलव. आणि तूही वर ये. साक्षीला.”

५

ओमकार हात पुसत आला. मृणाली दाराशी, सागर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. चिमाबाय जेवणाच्या टेबलाशी बसली होती आणि समोर सुरय तांदळाचा डबा होता, उघडा.

“किती वाजले रे?” तिने विचारलं.

ओमकारची नजर रिकाम्या मनगटाकडे गेली. “घड्याळ कुठं ठेवलं मी...”

तिने घड्याळ टेबलावर ठेवलं. “हे घे. आता सांग.”

त्याने पाहिलं. ओठ जरासे हलले, वजाबाकी करून तो म्हणाला, “साडेसहा होत आले.”

“काट्यांत दहा वाजायला आलेत.”

“जहाजाची वेळ आहे, आजी. तुला माहीत आहे. आपल्यात बदलत नाहीत.”

“जहाज कुठं होतं शेवटी?”

“कोरियाला,” तो म्हणाला, आणि तिथेच थांबला.

सागरने एका हाताने कठडा धरला.

“मला लिहितावाचता येत नाय,” चिमाबाय म्हणाली, “पण हे लोक काय सांगतात ते मी ऐकते. पॅकेजवर घड्याळ उमटतं, आणि हे पूर्वेचं हाय. सागरचा भाऊ पश्चिमेला. शिवाय त्याला पत्त्यांपलीकडे काय येत नाय. हर्षदजवळ स्वतःचा माल तयार होता, तो दुसऱ्याचा कशाला पाठवील? माल बांधलाय जुन्या रीतीनं, पूर्वी हे काम करून सोडलेल्यानं. पिन मृणालीखेरीज एकालाच माहीत. आणि चावी परत तांदळात पुरून, झाकण लावून ठेवली. घरात वाढलेल्याचा हात. आता जा, तुझं मशीन घेऊन ये. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघू दे. मनगटावरचं बदललं नायस, तर तेही बदललं नसशील.”

“आजी, ते मी उघडलंच...”

“मग उघड. उघडायला काय लागतं?”

ओमकार हलला नाही. बॅग आतल्या खोलीत पलंगाखाली होती. तिच्यापर्यंत जाणं त्याला जमेना असं दिसलं. मृणालीने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने डोळे खाली घेतले, ते तसेच ठेवले.

“एकच चांगलं काम करून दाखवायचं होतं,” तो म्हणाला. “माझी स्वतःची चावी मुदत संपून बंद पडलेली. म्हटलं, नवी आवृत्ती बांधतो, पाठवतो, मृणाली आली की सांगतो, बघ, मला अजून येतं. साधन ओरडलं. मला वाटलं पूर्वीसारखंच उगाच ओरडतंय. बंद केलं.”

“आणि मग?”

“मग मशीनं पडायला लागली.”

“मला सांगायचं होतंस,” मृणाली म्हणाली. एवढंच. तिने ते रागाने म्हटलं नाही, आणि ओमकारला तेच सोसलं नाही. तो खुर्ची ओढून बसला.

“रोज सांगणार होतो. तू कप घेऊन यायचीस, मी घ्यायचो, तोंडावर यायचं. मग धुवत बसायचो.”

चिमाबायने डब्याचं झाकण लावलं. बाहेर जेटीवर पहिला दिवा लागला. मृणालीने वळून खिडकीकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या आपल्या खुलाशाकडे. तो अजून पाठवलेला नव्हता.

“तो पुस गो,” चिमाबाय म्हणाली. “उठ, आणि ह्याला बसव त्या खुर्चीत.”

“मी काय लिहू?” ओमकार म्हणाला. “आजी, हे जाहीर असतं. कायम राहतं. माझ्या जहाजावरची माणसंही...”

“ऐक.” चिमाबाय उभी राहिली. गुडघ्यांनी तक्रार केली, तिने ऐकली नाही. “चूक केलीस, ती मी पोटात घातली असती. साचे बदलताना माझ्याही लाद्या फुटल्या. पण तू बायकोच्या नावानं सही केलीस, आणि ती निस्तरायला दुसऱ्याच्या पोराला पुढं केलंस. ‘कबूल कर, मी सांभाळून घेईन’ म्हणालास. ते मी पोटात घालायची नाय. घड्याळ घे हातात. काटे फिरव, आत्ता, माझ्यासमोर. जहाज मिळायचं ते मिळंल, नायतर मिळणार नाय. ह्या घरात आजपासून घरची वेळ. उद्या पहिल्या गाडीनं लांज्याला जायचं, हर्षदच्या आईच्या ओट्यावर उभं राहून जे इथं बोललास ते तिथं बोलायचं, आणि पोराला घेऊन यायचं. तो आला नाय तर तूही येऊ नको. आणि तिकडनं तुझं नाव काढलं म्हणून तुला लागलं होतं ना? आता ते तिथं परत लागंल. चुकीच्या खाली लागंल, पण तुझं स्वतःचं, तुझ्या हातानं लिहिलेलं, आणि ते कुणी काढणार नाय. बस. लिही.”